१६०० मीटरचं टायमिंग ५:४५ वर अडकलं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा. पोलीस भरतीची तयारी करणारा बावीस वर्षांचा मुलगा, लातूरकडचा. डिसेंबरात सुरुवात केली तेव्हा १६०० मीटरला ७:२० लागत होते. फेब्रुवारी संपता संपता ५:४५ वर आला. आता मे उजाडला तरी टायमिंग ५:४२ ते ५:४८ च्या मध्येच घुटमळतंय. रोज पहाटे ग्राउंडवर १६०० पूर्ण ताकदीनं मारतो, मग १०० मीटरचे सहा, मग पाचशे बैठका. संध्याकाळी गोळाफेक आणि जोर. वजन ६२ किलो. रात्री एकपर्यंत अभ्यासिकेत, पहाटे साडेचारला उठून ग्राउंडवर. शेवटी विचारलंय, "सर, अजून किती मेहनत वाढवू?"

वयानं माझ्या ग्राउंडवरच्या पोरांएवढाच आहेस, म्हणून अरे-तुरे करतो.

मेहनत कमी पडत नाहीये. तू रोज सराव करत नाहीस, रोज परीक्षा देतोस. दोन्हींत फरक आहे आणि तुझं सगळं दुखणं त्या फरकात आहे. ७:२० वरून ५:४५ पर्यंत जे आलं, ते कुठल्याही पद्धतीनं आलं असतं. न पळणारा माणूस पळायला लागला की पहिल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातलं पाण्याचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त फेकायला लागतं, पायांना पळण्याची सवय होते. त्या काळात रोज फुल मारलं काय, रमतगमत पळालं काय, टायमिंग उतरतंच. म्हणून पोरांना वाटतं की रोज फुल मारल्यामुळेच उतरलं. मग थांबलं की तेच आणखी जोरात करतात.

पण त्याआधी एक गोष्ट तपासून घे. टायमिंग खरंच अडकलंय का?

तालुक्याच्या ठिकाणची बहुतेक ग्राउंडं ४०० मीटरची नसतात. कुणीतरी पावलांनी मोजून फक्की मारलेली असते, २०० किंवा ३०० ची. ती मारणारा माणूस दर वेळी वेगळा. पाऊस पडला, क्रिकेटवाल्यांनी खेळपट्टीसाठी फक्की सरकवली, की अंतर बदलतं. शिवाय गर्दीत तू आतल्या रेषेला धरून पळतोस की बाहेरून? रेषेपासून एक मीटर बाहेरून पळालास तर प्रत्येक राउंडला सव्वासहा मीटर जास्त पडतात. २०० च्या ग्राउंडवर आठ राउंड म्हणजे पन्नास मीटर. तुझ्या वेगानं ते जवळपास अकरा सेकंद झाले. म्हणजे ५:४५ वाला मुलगा कदाचित ५:३५ चा असतो आणि त्याला पत्ता नसतो. उलटंही होतं, ग्राउंड आखूड निघालं की भरतीच्या दिवशी रडायची पाळी येते. लांब टेप आण, आतल्या रेषेच्या एक फूट बाहेरून पूर्ण राउंड मोज. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नकोस, लहान गोल ग्राउंडवर ते वळणं कापतं.

दुसरं, ऊन. फेब्रुवारीतली पहाट आणि मे महिन्यातली पहाट सारखी नसते. उकाड्यात शरीराला थंड राहण्यासाठी रक्त कातडीकडे पाठवावं लागतं, पायांच्या वाट्याला कमी येतं, त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. साडेपाच मिनिटांच्या धावेत याचा फटका लांब धावेइतका बसत नाही. पण रोजच्या थकव्यातून सावरणं उन्हाळ्यात नक्की कठीण होतं. तेव्हा फेब्रुवारीतला ५:४५ मे महिन्यात टिकवलास, यातही थोडी प्रगती लपलेली असू शकते.

तिसरं, लॅप. तू एकूण टायमिंग लिहिलंस, लॅप लिहिले नाहीस. मित्राला स्टॉपवॉच देऊन प्रत्येक ४०० मीटरला वेळ लिहून घ्यायला सांग. माझ्याकडे नव्यानं येणाऱ्या पोरांच्या वहीत हमखास दिसणारा हिशेब असा असतो: पहिला ७४, दुसरा ८६, तिसरा ९४, चौथा ९१. बेरीज ३४५ सेकंद, म्हणजे बरोबर ५:४५. शिट्टी वाजली की सगळे सुटतात म्हणून हाही सुटतो, पहिला लॅप ५ मिनिटांच्या आत पळणाऱ्याचा, तिसरा सव्वासहावाल्याचा. पायांत आम्ल साचायला दुसऱ्याच लॅपला सुरुवात होते आणि उरलेलं अंतर ते ओझं वाहण्यात जातं. हाच मुलगा पहिला लॅप ८४ मध्ये काढून पुढचे तसेच धरून पळाला, तर त्याच दमात आठ-नऊ सेकंद वाचतात. पहिल्या लॅपला मागं पडल्यासारखं वाटतं, बाकीचे पुढे जातात, पोटात गोळा येतो. तेवढं सहन करायची सवय करावी लागते.

आता हे तिन्ही बघूनही टायमिंग तिथंच असेल, तर मग तुझा आठवडा बघू. रोज १६०० अधिक १०० चे सहा म्हणजे दिवसाला २.२ किलोमीटर. सहा दिवसांचे तेरा. आठवड्याला जेमतेम तेरा किलोमीटर पळणं आणि तेही सगळं जीव तोडून. खोट इथंच आहे. १६०० ला पोरं स्पीडचा इव्हेंट समजतात, पण पाच-साडेपाच मिनिटांच्या धावेत जवळपास चार-पंचमांश ताकद श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनवर येते. ते इंजिन मोठं होतं हळू आणि जास्त वेळ पळल्यानं. पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढणं, पेशींत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढणं, ही कामं चाळीस-पन्नास मिनिटांच्या आरामाच्या धावेत होतात. फुल मारलेल्या पावणेसहा मिनिटांत त्यांना वेळच मिळत नाही. न्यूझीलंडचे कोच आर्थर लिडियार्ड यांनी १९६० च्या आसपास हे करून दाखवलं. त्यांचा पीटर स्नेल ८०० मीटरचा धावपटू, पण त्यालाही ते आठवड्याला शंभर मैलांपर्यंत पळवायचे. लोक हसले. स्नेलनं १९६० ला रोममध्ये ८०० चं सुवर्ण घेतलं आणि १९६४ ला टोकियोत ८०० व १५०० दोन्हींचं. तुला शंभर मैल नकोत, त्या वाटेला जाऊही नकोस. तेराचे वीस, मग हळूहळू दीड-दोन महिन्यांत पस्तीसपर्यंत, एवढं पुरे.

'हळू' म्हणजे किती, यावर प्रत्येक बॅचमध्ये भांडण होतं. तुझ्या टायमिंगवरून किलोमीटरला साडेपाच ते सव्वासहा मिनिटं. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. पोरांना याची लाज वाटते, पोरी पुढे जातायत म्हणून वेग वाढवतात. जाऊ दे त्यांना पुढे.

आठवडा मी असा लावून देईन. सोमवारी आरामाची धाव, सुरुवातीला पंचवीस मिनिटं, पुढे चाळीस, शेवटी ८० मीटरचे चार मोकळे स्ट्राइड, म्हणजे लांब टांगा टाकत सैल अंगानं पळणं. मंगळवारी ४०० चे रिपिटेशन, म्हणजे मध्ये विश्रांती घेत तेच अंतर पुन्हा पुन्हा पळणं. बुधवारी पळणं अगदी हलकं, त्या दिवशी गोळा आणि ताकदीचं काम. गुरुवारी टेम्पो, म्हणजे वॉर्मअपनंतर पंधरा ते वीस मिनिटं सलग अशा वेगानं की दोन-तीन शब्द बोलता येतील पण गप्पा मारता येणार नाहीत. तुझ्यासाठी किलोमीटरला साधारण ४:२० ते ४:३०. शुक्रवारी १०० मीटरचे स्टार्ट आणि थोडा गोळा. शनिवारी सुट्टी, खरी सुट्टी, क्रिकेट पण नाही. रविवारी लांब धाव, चाळीस मिनिटांपासून एक तासापर्यंत, शक्यतो शेतरस्त्यानं किंवा कच्च्या वाटेनं, डांबरावर नको.

मंगळवारचं जरा नीट सांगतो, कारण तिथंच बहुतेक जण घोळ घालतात. ४०० चे सहा, प्रत्येकी ८४ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालत-जॉगिंग करत विश्रांती. पहिले दोन आठवडे चारच कर. नियम एकच: शेवटचा रिपिटेशन पहिल्याइतकाच आला पाहिजे. पहिला ७६ मध्ये मारून पाचवा ९२ मध्ये ओढलास तर तो दिवस वाया गेला. चौथ्याला ८८ वर घसरलास तर तिथंच थांब, कूलडाउन कर, घरी जा. जमायला लागलं की वेग वाढवायचा नाही, आधी विश्रांती दीड मिनिटावर आणायची. त्यानंतर एक आठवडा ८०० चे तीन, प्रत्येकी २:४८, तर पुढच्या आठवड्यात २०० चे आठ, ३८ सेकंदांत, मध्ये २०० मीटर चालत. हा ३८ कुठून आला? १६०० ला पूर्ण गुण ५:१० ला मिळतात. ५:१० म्हणजे प्रत्येक ४०० ला साडेसत्त्याहत्तर सेकंद, २०० ला पावणेएकोणचाळीस. पूर्ण गुणांचा वेग पायांना ओळखीचा व्हावा, पण दम फुटू नये, म्हणून एवढं छोटं अंतर.

पूर्ण १६०० ची ट्रायल तीन आठवड्यांतून एकदाच, तीही आधीचे दोन दिवस हलके ठेवून. दर चौथा आठवडा निम्म्या अंतराचा. यावर तू म्हणशील, निम्मा आठवडा म्हणजे पाठीमागे पडणं. तर एक जुनी गोष्ट. रॉजर बॅनिस्टर यानं ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डमध्ये मैलाची धाव ३:५९.४ मध्ये काढली, चार मिनिटांच्या आतली पहिली. मैल म्हणजे १६०९ मीटर, तुझ्या इव्हेंटपेक्षा नऊ मीटर जास्त. त्या हिवाळ्यात तो आणि त्याचे सोबती दोन मिनिटांच्या विश्रांतीनं ४४० यार्डांचे दहा रिपिटेशन मारत होते. ६६ सेकंदांवरून सुरू करून ६१ पर्यंत आले आणि तिथं अडकले. कितीही जोर लावला तरी ६० च्या खाली येईनात. शेवटी बॅनिस्टर आणि त्याचा सोबती ब्रॅशर पळणं सोडून स्कॉटलंडात डोंगर चढायला निघून गेले. परत येऊन दोन-तीन दिवस आराम केला, पळाले, आणि रिपिटेशन ५९ मध्ये आले. डोंगर चढून वेग वाढत नाही. वेग आधीच कमावलेला होता, थकव्याखाली दबलेला होता.

तुझा थकवा कुठून येतोय तेही तूच लिहिलंयस. रात्री एक ते पहाटे साडेचार, साडेतीन तास झोप. या एका ओळीपुढे माझा वरचा सगळा आठवडा फुकट आहे. सरावानं स्नायू तुटतात, बांधले जातात झोपेत. लेखी परीक्षा १०० गुणांची आहे, अभ्यास सोड असं मी म्हणणार नाही. पण अभ्यासिका साडेनऊला सोड, दहाला झोप, पहाटे पाचला उठ. सकाळच्या सरावानंतरचे दोन तास आणि दुपार अभ्यासाला दे. डुलक्या खात रात्री बारानंतर वाचलेलं गणित-बुद्धिमत्ता किती लक्षात राहतं, ते तूच मला सांग. हे जमत नसेल, घरचं काम किंवा नोकरी असेल, तर आठवड्याचे सराव सहावरून चारवर आण. कमी झोपेवर सहा दिवसांपेक्षा पुऱ्या झोपेवर चार दिवस बरे.

खाण्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण मेसवर राहणाऱ्यांचं ताट मला माहीत आहे: सकाळी पोहे, दुपारी पातळ वरण, भात, दोन पोळ्या, रात्री तेच. ६२ किलोच्या पळणाऱ्या मुलाला दिवसाला नव्वदेक ग्रॅम प्रथिनं हवीत. मेसच्या ताटातून तीसच्या आसपास मिळतात. वर दोन अंडी, अर्धा लिटर दूध, मूठभर शेंगदाणे आणि पन्नास ग्रॅम सोयाबीन वडी घातली की हिशेब बसतो. अंडी चालत नसतील तर वडी आणि भिजवलेले हरभरे वाढव. पावडरचा डबा घ्यायची गरज नाही. भाकरी-भात मात्र कमी करू नकोस, वजन उतरवायच्या नादात पोरं तेच सोडतात आणि तिसऱ्या लॅपला पाय उचलत नाहीत. जेवणावर लगेच चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. आणि एकदा रक्त तपासून घे: हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन बी-१२ आणि डी. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया, मग सरावात काय बदललं याला अर्थ उरत नाही, आधी डॉक्टर. ८०० मीटर मारणाऱ्या मुलींना तर मी हे पहिल्याच आठवड्यात करायला लावतो. पाळीतल्या रक्तस्रावामुळे त्यांच्यात लोहाची कमतरता फार असते आणि 'स्टॅमिनाच नाही' म्हणून त्या स्वतःलाच दोष देत बसतात.

पाचशे बैठका बंद कर. आखाड्यात त्यांचं काम वेगळं आहे, तुझ्या पळण्यात त्या फक्त मांड्या जड करतात. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा: पाठीवर वजन घेऊन स्क्वॉट, एका पायावरचे लंजेस, पायरीवर टाचा उचलणं, दोरीच्या उड्या. कमी आकडे, नीट केलेले. जवळ टेकडी असेल तर दर दोन आठवड्यांनी गुरुवारच्या टेम्पोऐवजी चढावर तीस सेकंदांचे आठ चढ, उतरताना चालत.

नडगी दुखते का, तेही पाहा. आतल्या कडेनं लांबपर्यंत हळवं वाटत असेल तर अंतर कमी करून, बूट बदलून बरं होतं. पण बोटानं दाबल्यावर एकाच बिंदूला टोकदार कळ येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबव आणि हाडांच्या डॉक्टरकडे जा. हाडाला बारीक भेग असू शकते आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ती दिसतेच असं नाही.

किती उतरेल? समोर पाहिल्याशिवाय छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, पण वर लिहिलेलं झोपेसकट पाळलंस तर दोन-अडीच महिन्यांत ५:३० च्या आसपास येणं वाजवी आहे. ५:१० ची गोष्ट वेगळी. त्याला अख्खा हंगाम लागू शकतो आणि खरं सांगायचं तर तो सगळ्यांना येत नाही. जितकं वर जाशील तितके सेकंद महाग होतात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घे. २०१८ मध्ये त्यानं ३००० मीटर स्टीपलचेसचा (अडथळे ओलांडत पळायची शर्यत) १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, ८:२९.८० ची वेळ देऊन. पुढच्या चार वर्षांत अठरा सेकंद उतरवून २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये ८:११.२० केले. तिथून ८:०९.९१ वर यायला २०२४ चा जुलै उजाडला. सव्वा सेकंदासाठी जवळपास दोन वर्षं, आणि तेही साबळेला.

तुझ्या ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख लागली असेल तर मात्र यातलं बरंचसं बाजूला ठेव. तीन आठवडे उरले असताना नवीन अंतर वाढवून उपयोग नाही, अंगात मुरायला वेळच नसतो. मग फक्त रोजचं फुल मारणं बंद कर, मंगळवारचे रिपिटेशन ठेव, शेवटच्या दहा दिवसांत अंतर निम्म्यावर आण, लॅप सारखे पळायची तालीम कर. एवढ्यानंही काही सेकंद मिळतात. आणि या दिवसांत अकॅडमीबाहेर कुणी 'दादा' इंजेक्शन किंवा गोळी घेऊन भेटलाच, तर त्याला वाटेला लाव. त्यात काय भरलंय ते त्यालाही माहीत नसतं, आणि त्यावर उन्हात फुल पळणं जिवावर बेतू शकतं.

शेवटचा मुद्दा मार्कांचा. ग्राउंड ५० चं आहे: १६०० ला २०, १०० ला १५, गोळ्याला १५. तू सगळा जीव १६०० वर टाकलायस आणि गोळा किती जातो ते लिहिलंच नाहीस. ७.२६० किलोचा गोळा साडेआठ मीटर गेला की पूर्ण १५. बहुतेक पोरं तो नुसत्या हातानं ढकलतात आणि सहा-साडेसहावर थांबतात. मागच्या पायातून उठून, कंबर आधी फिरवून, कोपर गोळ्याच्या मागं ठेवून ढकलायला शिकलं की एक मीटर महिन्याभरातही वाढतो, कारण तिथं ताकदीपेक्षा पद्धत चुकलेली असते. १६०० चे पंधरा सेकंद कमवायला लागतात त्याच्या निम्म्या कष्टांत तितकेच मार्क गोळ्यात पडून असतात. तुझं अंतर कळव, आणि जमलं तर बाजूनं काढलेला एक व्हिडिओ टाक. पाय कुठं अडतोय ते त्यावरून सांगता येईल.